उण्याची व्याप्ती : ऋण अपूर्णांकांच्या मराठी वाचनाविषयी

(१)

ऋण अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी हा शालेय गणितात थोडक्यात आटोपला जाणारा विषय आहे. अपूर्णांकांचे नियम अगोदर शिकविलेले असतात, ऋण संख्यांचेही शिकविलेले असतात. दोहोंचा संयोग तेवढा उरतो. परंतु विद्यार्थी नेमका ह्याच सांध्यावर अडखळतो, आणि त्याच्या चुकांपैकी एक महत्त्वाची चूक हिशेबाची नसून वाचनाची असते. उणेपणा दाखविणारे चिन्ह पुढील पदसमूहाच्या किती भागावर चालते, म्हणजे त्याची व्याप्ती किती, हा प्रश्न गणिताचा असण्याआधी व्याकरणाचा आहे. मराठीतील प्रचलित गणिती परिभाषा ह्या प्रश्नाला कितपत उत्तर देते, ह्याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

एक साधे उदाहरण घ्यावे. −२ १/४ ह्या संख्येत १ ३/४ ही संख्या मिळवावयाची आहे. पहिली संख्या उणे नऊ चतुर्थांश, दुसरी सात चतुर्थांश. बेरीज उणे दोन चतुर्थांश, म्हणजे उणे अर्धा. आता हीच पहिली संख्या शाळेत वाचतात तशी वाचावी : ‘उणे दोन पूर्णांक एक चतुर्थांश’. हे ऐकणारा विद्यार्थी ‘उणे’ हा शब्द ‘दोन’ ह्यापाशी थांबवितो, एक चतुर्थांश धन मानतो, आणि दोन उणे असताना एक पूर्णांक, तीन चतुर्थांश व एक चतुर्थांश असे सारे मिळवून उत्तर शून्य काढतो. उत्तर चूक आहे. मात्र त्याने जे ऐकले त्याचा त्याने लावलेला अन्वय व्याकरणदृष्ट्या चूक म्हणता येत नाही.

अर्धा आणि शून्य ह्यांतील हे अंतर वहीपुरते राहत नाही, हे नवी मुंबईसारख्या नगरात सहज ध्यानात येते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या खारजमिनीवर भराव घालून ह्या नगराचे जे विभाग वसविले, त्यांतील बराच भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली येतो. म्हणून वाशी, बेलापूर इत्यादी ठिकाणी डच पद्धतीचे धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी खाडीकडील झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते, आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. उधाणाची पातळी शून्य मानली, तलावाचा तळ उणे सव्वादोन मीटरवर आहे असे केवळ उदाहरणादाखल धरले, आणि तलावात पावणेदोन मीटर पाणी चढले, तर पाण्याची पातळी उणे अर्ध्या मीटरवर येते. अजून अर्ध्या मीटरची सोय शिल्लक राहते. वरील चुकीच्या वाचनाप्रमाणे मात्र तलाव उधाणाच्या पातळीपर्यंत भरला असे ठरेल. गणित तेच, आकडे तेच. फरक पडला तो एका शब्दाच्या व्याप्तीमुळे.

(२)

वरील परिच्छेदात तीच संख्या ‘उणे सव्वादोन’ अशी येताच संदिग्धता नाहीशी झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘सव्वादोन’ हा एकजीव शब्द आहे. त्याच्या आधी आलेला ‘उणे’ हा शब्द त्याच्या मध्ये शिरून फक्त ‘दोन’ला लागू शकत नाही, तो संपूर्ण शब्दालाच लागतो. ‘दोन पूर्णांक एक चतुर्थांश’ हा पदसमूह आहे, आणि पदसमूहात विशेषण कोठपर्यंत पोहोचते ह्याविषयी नेहमीच दोन मते संभवतात. अशा रीतीने बोलीतील शब्द जे काम बिनबोभाट करतो, ते काम परिभाषेतील पदसमूहाकडून होत नाही.

मराठीतील अपूर्णांकवाचक शब्दांची घडण पाहिली असता ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसते. ‘सव्वा’ हे संस्कृत ‘सपाद’ह्याचे प्राकृतातून आलेले रूप, ‘साडे’ हे ‘सार्ध’ह्याचे. ह्या दोहोंत पूर्णाला काही जोडलेले आहे. उलट ‘पाऊण’ हा शब्द ‘पादोन’, म्हणजे पावाने ऊन, ह्यावरून आला आहे. ‘पावणेदोन’ म्हणजे पावाने ऊन असे दोन. ‘दीड’ (द्व्यर्ध), ‘अडीच’ (अर्धतृतीय) आणि आता क्वचितच ऐकू येणारा ‘औट’ (अर्धचतुर्थ) ह्या शब्दांत तर पुढील पूर्णाकडे पाहून मागे मोजलेले आहे : दुसरा अर्धा, तिसरा अर्धा, चौथा अर्धा. ‘औटघटकेचे राज्य’ ह्या प्रयोगात हा शेवटचा शब्द अद्याप तग धरून आहे. पूर्ण संख्यांतही ‘एकोणीस’, ‘एकोणतीस’पासून ‘एकोणनव्वद’पर्यंतची नावे एकाने ऊन अशीच घडली आहेत.

ही रचना मराठीची किंवा भारतीय भाषांचीच मिरास नव्हे. लॅटिनमध्ये अठरा व एकोणीस ह्यांची नावे विसातून दोन व एक वजा करून बनतात. जर्मन भाषेत दीडाला दुसरा अर्धा अशा अर्थाचा शब्द आहे आणि घड्याळातील अडीच वाजल्याचा उल्लेख ‘अर्धे तीन’ असा होतो. डॅनिश भाषेत पन्नासाचे नाव ‘तिसरा अर्धा गुणिले वीस’ ह्या कल्पनेतून आले आहे. पुढच्या पूर्ण टप्प्यापासून किती कमी, असे मोजणे ही मानवी भाषेची जुनी व व्यापक रीत आहे. मराठीचे वैशिष्ट्य एवढेच की, बेरजेची आणि वजाबाकीची अशा दोन्ही रचना तिने एकाच मापनपद्धतीत शेजारी शेजारी जिवंत ठेवल्या आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ह्या पाढ्यांतून त्या पाठ करविल्या. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, असे म्हणणारे मूल बेरजेच्या आणि उणेपणाच्या रूपांमधून एका दमात ये-जा करीत असे.

ह्या शब्दांत व्याप्तीचेही सूक्ष्म नियम आहेत. ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. दोनशेतून पाव वजा केल्यावर येणारी संख्या नव्हे. ‘पावणे’ प्रथम ‘दोन’शी बांधले जाते आणि मग ‘शे’ त्या सगळ्यावर चालते. शब्दाच्या पोटात कंस आहे, तो लिहिला जात नाही इतकेच. ‘पाव’ कोणाचा, हा प्रश्न विचारल्यावाचून ह्या शब्दाचा अर्थच लागत नाही; येथे तो शंभराचा आहे.

आता ‘उणे पावणेतीन’ हा प्रयोग तपासावा. बाहेर एक उणे आहे, आत दुसरे. तीन उणे, परंतु त्या तिनांतून पाव अगोदरच कमी केलेला असल्यामुळे तो पाव परत येतो : उणे तीन अधिक पाव. ऋणाची वजाबाकी केली असता धन मिळते, हा विद्यार्थ्याला जादूसारखा वाटणारा नियम त्याच्या बोलण्यातील शब्दात अगोदरच नांदत आहे. सुरुवातीचे उदाहरण ह्या दृष्टीने पुन्हा सोडवावे. उणे सव्वादोन म्हणजे दोन उणे आणि आणखी पाव उणा. पावणेदोन म्हणजे दोन, पण पाव उणा. दोनाला दोन गेले, दोन पाव उणे राहिले. उत्तर उणे अर्धा. समच्छेद करावा लागला नाही, अंशाधिक रूपही द्यावे लागले नाही.

(३)

भाषेत जे दडलेले आहे त्याला शास्त्रात नाव होते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. धन, ऋण व शून्य ह्यांच्या परिकर्मांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) अपूर्णांकांच्या सवर्णनाचे, म्हणजे त्यांना एका जातीचे करण्याचे, जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘भागानुबंध’ आणि ‘भागापवाह’ ही जोडी येते. पूर्णाला भाग जोडलेला असेल तर भागानुबंध. पूर्णातून भाग काढलेला असेल तर भागापवाह. भास्कराचार्यांनी दोन्हींचे उदाहरणही एकत्रच घेतले आहे : पावासह दोन आणि पावाने ऊन तीन. त्यांची सवर्णित रूपे नऊ चतुर्थांश आणि अकरा चतुर्थांश. मराठी वाचकाला ह्या दोन संख्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सव्वादोन आणि पावणेतीन ती हीच.

इतकेच नव्हे, तर स्वतःच्याच अंशाने अधिक किंवा ऊन असलेल्या राशीचा विचारही तेथे स्वतंत्रपणे केला आहे. अर्थात् भाग कोणाचा घ्यावयाचा, पूर्ण एककाचा की त्या राशीचा, हा व्याप्तीचा प्रश्न त्या परंपरेने स्पष्टपणे ओळखला होता.

चिन्हांची व्यवस्थाही ह्याला अनुसरूनच होती. ‘बीजगणिता’त ऋण राशीवर बिंदू देण्याची पद्धती सांगितली आहे. भिन्न लिहिताना मध्ये आडवी रेघ नसे. वर अंश, खाली छेद. पूर्णासह भाग असेल तर पूर्ण सर्वांत वर, त्याखाली अंश, त्याखाली छेद. पावाने ऊन तीन लिहावयाचे झाल्यास वर तीन, मध्ये बिंदुयुक्त एक, खाली चार. बिंदू एकावर आहे, तिनावर नाही. म्हणजे कोण उणे आहे ह्याविषयी वाचकाला शंका राहत नाही. चिन्ह ज्याचे त्याच्याच डोक्यावर बसविणे, ही ह्या लेखनाची खुबी होय.

ह्याच तत्त्वाचा आधुनिक नमुना लघुगणकाच्या कोष्टकांनी पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना शिकविला आहे. ०.०२ ह्या संख्येचा लघुगणक −१.६९९० असा न लिहिता दोनावर आडवी रेघ देऊन पुढे ०.३०१० असा लिहितात. उणे आहे ते फक्त दोन. दशांश चिन्हापुढील भाग धनच आहे. ‘उणे दोन, आणि वर थोडे अधिक’ असे हे रूप आहे, म्हणजे विद्यार्थी −२ १/४ चा जो चुकीचा अर्थ लावतो, तंतोतंत तसे. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, विद्यार्थ्याने लावलेला अर्थ अशक्य कोटीतला नाही. तो एका वेगळ्या आणि सुप्रतिष्ठित रूपाचा अर्थ आहे. दोन रूपे आहेत, दोहोंना वेगळी खूण हवी. पूर्वी ती होती. लघुगणकात ती आहे. शालेय अपूर्णांकात मात्र नाही.

(४)

आता प्रचलित परिभाषेकडे वळावे. तिचे दोष तीन आहेत.

पहिला दोष ‘पूर्णांक’ ह्या शब्दाचा. मराठी पाठ्यपुस्तकांत हा शब्द दोन कामे करतो. ‘पूर्णांक संख्या’ म्हणजे धन, ऋण व शून्य मिळून होणारा संख्यासमूह. त्यात ‘उणे दोन’ सुखाने बसतो. त्याच वेळी ‘दोन पूर्णांक एक चतुर्थांश’ ह्या वाचनात तो पूर्ण भाग व अपूर्ण भाग ह्यांमधील दुवा म्हणून येतो. पूर्णांक संख्यांचा पाठ शिकलेला विद्यार्थी जेव्हा ‘उणे दोन पूर्णांक’ हे शब्द ऐकतो, तेव्हा उणे दोन हा एक पूर्णांक आहे हे त्याचे नुकतेच मिळविलेले ज्ञानच त्याला चुकीच्या अन्वयाकडे नेते. बालभारतीच्या २०१७ सालच्या इयत्ता सातवीच्या गणितात ‘परिमेय संख्या व त्यांवरील क्रिया’ हे प्रकरण येते. पूर्णांक संख्या आणि अपूर्णांक ह्यांचा परिचय त्याआधीच झालेला असतो. सांधा जुळतो तो नेमका येथे, आणि येथेच एका शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर आदळतात.

दुसरा दोष संज्ञेच्या अभावाचा. ‘पूर्णांकयुक्त अपूर्णांक’ ही संज्ञा भागानुबंधाचे काम करते. भागापवाहाला आजच्या शालेय परिभाषेत प्रतिशब्द नाही. ज्या भाषेत ‘पावणेतीन’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे, त्या भाषेच्या गणितात त्या रूपाला नाव नसावे, हा विरोधाभास होय. ज्याला नाव नाही ते वर्गात शिकविले जात नाही. आणि जे शिकविले जात नाही त्याच्याशी गल्लत होते तेव्हा ती गल्लत कशाशी झाली हे शिक्षकालाही सांगता येत नाही.

तिसरा दोष उपलब्ध भेद न वापरण्याचा. एकाच आडव्या रेघेचे गणितात दोन अर्थ आहेत : क्रिया आणि गुण. सुदैवाने मराठीत त्यांसाठी वेगळे शब्द आहेत. ‘वजाबाकी’ ह्या शब्दाचे दोन्ही घटक अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने आलेले. ‘वजा करणे’ ही कोणीतरी करावयाची क्रिया आहे. ‘ऊन’ह्यावरून आलेला ‘उणे’ आणि कर्जाच्या कल्पनेवरून आलेला ‘ऋण’ हे शब्द स्थिती वा गुण दाखवितात. ‘उणे अर्ध्यातून उणे पावणेदोन वजा करा’ ह्या वाक्यात कोणते चिन्ह गुणाचे आणि कोणते क्रियेचे हे ऐकताक्षणी कळते, उत्तर सव्वा. हेच वाक्य वर्गात ‘मायनस अर्धा मायनस मायनस पावणेदोन’ असे वाचले जाते, किंवा तिन्ही ठिकाणी ‘वजा’ म्हटले जाते, तेव्हा भाषेने फुकट दिलेला भेद फेकून दिला जातो आणि त्याच्या जागी ‘दोन मायनस म्हणजे प्लस’ असा मंत्र पाठ करविला जातो.

परिभाषेतील एक गुणही येथे नोंदविणे न्याय्य ठरेल. ‘तीन चतुर्थांश’ हे वाचन ‘तीन छेद चार’ ह्यापेक्षा सरस आहे. त्यात ‘चतुर्थांश’ हे नाम आणि ‘तीन’ हे संख्याविशेषण आहे. बेरीज नामांची होत नाही, संख्याविशेषणांची होते, आणि तीही नाम एकच असेल तर. समच्छेदाचे सगळे मर्म ह्या व्याकरणात आहे. उणेपणाही संख्येला लागतो, नामाला नाही. −३/४ मध्ये रेघ अंशाची की छेदाची ही शंका ‘उणे तीन चतुर्थांश’ असे म्हणणाऱ्याला सहसा पडत नाही.

(५)

ह्या विवेचनावर आक्षेप संभवतात. त्यांतील सर्वांत सबळ आक्षेप असा की, बोलीतील ही व्यवस्था केवळ पाव आणि अर्धा ह्यांपुरती आहे. तृतीयांश, पंचमांश, षष्ठांश ह्यांना तीत स्थान नाही. उणे एक पूर्णांक एक तृतीयांश ह्यातून पाच षष्ठांश वजा करावयाचे असतील तर बोलीतील कोणताही शब्द मदतीला येत नाही. उणे आठ षष्ठांश आणि उणे पाच षष्ठांश मिळून उणे तेरा षष्ठांश असा सवर्णनाचाच मार्ग धरावा लागतो. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. शब्द हे रीतीची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु रीतीचा अर्थ प्रथम कोठे तरी दिसावा लागतो, आणि तो परिचित शब्दात दिसला तर अपरिचित छेदांपर्यंत नेता येतो.

दुसरा आक्षेप काळाचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यानंतर मेट्रिक मापे आली. आणे आणि शेर ह्यांच्याबरोबर पावकी-पाऊणकीचे प्रयोजन संपले. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेही व्यवहारातून गेले. नवी मुंबईत तर हा बदल अधिक ठळक आहे. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल आली, तिच्या वेळा मिनिटांत सांगितल्या जातात. ‘पावणेआठ’ची जागा ‘सात पंचेचाळीस’ने घेतली आहे. कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा येथून आलेली कुटुंबे आणि मूळचे आगरी-कोळी ह्यांची मुले येथे शेजारी बसतात. त्यांतील पुष्कळ इंग्रजी माध्यमात शिकतात आणि ‘पावणे’ व ‘सव्वा’ ह्यांत घोटाळा करतात. हे खरे असले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जो शब्द घरून आपोआप येत होता तो आता शाळेने शिकवावा लागेल. आणि शिकवावयाचाच असेल तर पाठांतरासाठी नव्हे, त्यातील गणितासाठी शिकवावा.

ह्या संदर्भात २०१९ सालच्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितात एकवीसपासूनच्या संख्यांचे ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन पुढे आले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. चर्चेचा बराच भर जोडाक्षरांची अडचण, उच्चार आणि परंपरा ह्यांवर राहिला. ‘वीस नऊ’ हे वाचन लहान मुलाला स्थानमूल्य समजण्यास सोपे आहे, ह्यात संशय नाही. परंतु ‘एकोणतीस’ हा केवळ कठीण शब्द नाही; तिसाला एक कमी, ही एक वजाबाकी आहे. सुलभतेसाठी पर्याय देताना आपण एक शब्द बाजूला ठेवीत आहोत की एक विचार, ह्याचा निवाडा व्हावयास हवा होता. दोन्ही वाचने शेजारी ठेवून एकाच संख्येकडे खालून आणि वरून पाहता येते असे दाखविले असते, तर तो वाद पुढे ऋण अपूर्णांकांच्या पाठाला उपकारक ठरला असता.

(६)

वरील परीक्षणावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. ऋण पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचे वाचन करताना उणेपणा संपूर्ण राशीला आहे हे वाचनातच स्पष्ट झाले पाहिजे. पाव व अर्धा ह्यांच्या बाबतीत ‘उणे सव्वादोन’, ‘उणे साडेतीन’ हे शब्द ते काम करतात, इतरत्र लेखनात कंस द्यावा किंवा आरंभीच अंशाधिक रूप घ्यावे. पूर्णातून उण्या असलेल्या भागाच्या रूपाला नाव हवे. ‘भागापवाह’ जड वाटल्यास ‘ऊनयुक्त’सारखा सुटसुटीत शब्द योजावा, पण रूप अनामिक ठेवू नये. ‘वजा’ क्रियेसाठी आणि ‘उणे’ वा ‘ऋण’ गुणासाठी, हा भेद शिक्षकाने वाचनात कसोशीने पाळावा. आणि ‘पूर्णांक’ ह्या शब्दावरील दुहेरी भार पाठ्यपुस्तककारांनी एकदा उतरवावा.

परिभाषेची कसोटी ती संस्कृत आहे की देशी, ही नव्हे; ती ऐकणाऱ्याला एकच अर्थ पोहोचविते की नाही, ही होय. ह्या कसोटीवर ‘उणे दोन पूर्णांक एक चतुर्थांश’ हे वाचन उतरत नाही, आणि ‘उणे सव्वादोन’ उतरते. ज्या विद्यार्थ्याने पहिले ऐकून शून्य उत्तर काढले, त्याच्या वहीत तांबडी फुली मारण्यापूर्वी ते वाचन तपासणे अगत्याचे आहे.